बर्फ पडल्यास मिस्सा रद्द

इग्नेशियस अंकलकडे कुणी काही मागायला गेलं तर ते नाही म्हणत नसत, आणि स्वतःला काही हवं असलं तर विचारत नसत. दोन्ही गोष्टी ते सारख्याच निर्मळ मनाने करत. माझ्या टेबलावरचा स्टेपलर, शेजारच्या कामतांचा सकाळचा पेपर, समोरच्या कुंडीतला कढीपत्ता, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं स्टूल, सगळं त्यांच्याकडे जाई आणि सावकाश परत येई. उलट त्यांची शिडी, त्यांचं ड्रिल मशीन, डुकराच्या मटणाचं सोरपोटेल करायचं त्यांचं मोठं पातेलं वाडीभर फिरत असे. एकदा तर त्यांचा काळा सूटही फिरला. तो घालून नवरदेव वेदीपाशी उभा होता, आणि अंकल त्याच लग्नात अर्ध्या बाहीच्या शर्टात ऑर्गन वाजवत होते. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं.

गिरगावात खोताच्या वाडीतल्या त्यांच्या लाकडी घराची पुढची खोली मी ऑफिससाठी भाड्याने घेतली होती. मी वेबसाइट बनवते. राहायला काळाचौकीला, पण तिथे आमच्या खोलीत आई, बाबा, मिक्सर आणि टीव्ही यांच्यामधून काम व्हायचं नाही. पहिल्या दिवशी अंकलनी विचारलं, तू करतेस काय? मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, म्हणजे दुकानाच्या पाट्याच, फक्त कॉम्प्युटरवर. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात एक वाणी माझ्याकडे येऊन दुकानाची पाटी रंगवायला किती घेशील असं विचारून गेला.

अंकल उंच होते, खांद्यात किंचित वाकलेले. घरात कायम हाफ पँट, आणि चर्चमधल्या मिस्साला निघताना पांढरी फुल पँट, तिची इस्त्री अशी की बसताना त्यांना दोनदा विचार करावा लागे. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात आयुष्य काढून रिटायर झालेले. चर्चच्या गायकवृंदाचे ते प्रमुख होते. बायको सेसिलिया मी यायच्या आधीच वारलेली, मुलगी वसईला दिलेली. घरात एकटेच, पण एकटे असे ते मला क्वचितच दिसले. व्हरांड्यात कुणी ना कुणी बसलेलं असे आणि अंकल त्याला काहीतरी खायला घालत असत. कामतांशी शुद्ध मराठीत, इस्त्रीवाल्याशी हिंदीत, आपल्या ख्रिस्ती माणसांशी मुंबईच्या ईस्ट इंडियन बोलीत आणि पाद्र्यांशी इंग्रजीत, असं त्यांचं बोलणं दिवसभर चाले. त्यांचं एक पालुपद होतं, ‘देवाचं काम आहे.’ देवाचं काम असलं की कुणाचीही वस्तू न विचारता उचलता येते, असा त्यांचा साधा हिशेब होता. आणि ते गायकवृंदाचे प्रमुख असल्यामुळे त्यांचं बहुतेक काम देवाचंच असे.

त्यांच्या चर्चच्या स्थापनेचं एक मोठं वर्ष जवळ आलं होतं. मोठा सण होणार, परगावी गेलेले जुने लोक येणार, तर चर्चची वेबसाइट हवी, असं समितीत ठरलं. फादर विल्सन तेव्हा नवे होते, तरुण आणि फार सांभाळून बोलणारे. त्यांनी माझं नाव काढलं. मी कमी पैशात करून देईन म्हटलं. पण अंकलनी ते मोडून काढलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुझं पोट त्याच्यावर आहे, बाय. चर्चसाठी तू अर्ध्यात करशील, मग गणपती मंडळ येईल, मग कामत येतील. मी शिकतो.”

आणि ते खरंच शिकायला बसले. दुपारी जेवण झालं की माझ्या बाजूला खुर्ची ओढायची. माउस ते ऑर्गनच्या पट्टीसारखा दाबत, अगदी सावकाश आणि सोडताना त्याहून सावकाश. मी मे महिन्यात गावी गेले तेव्हा ते ‘आमच्या चर्चमध्ये आपले स्वागत आहे’ एवढ्या एका ओळीपर्यंत पोचले होते.

मी परत आले तर वेबसाइट तयार. नुसती तयार नाही, देखणी. वर फिकट निळ्या रेषांत काढलेली चर्चची उंच खिडकी, तिच्या कडेने चढत गेलेली वेल, खाली नाजूक अक्षरं. वाडीत अंकलचं कौतुक चाललं होतं. समितीचे सेक्रेटरी लोबो सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत, तेही म्हणाले की या वयात कमाल केली. अंकल मान डोलवत होते.

मी विचारलं, अंकल, ही खिडकी कुणी काढली? तर म्हणाले, आयर्लंडात एक चर्च आहे, लहान गाव आहे, फार चांगले लोक असावेत. त्यांना कुठेतरी सापडलं होतं की कुठलंही पान जसंच्या तसं आपल्याकडे उतरवून घेता येतं. त्यांनी ते उतरवलं, नावं बदलली, आपल्या संताचा फोटो टाकला. मी सांगितलं की असं करत नाहीत, तो कुणाच्या तरी कष्टाचा माल आहे. त्यांनी मला समजावलं की चर्चचं चर्चने घेतलं, यात चोरी कसली, एकाच बापाची घरं.

सगळंच मात्र त्यांच्याकडून बदललं गेलं नव्हतं. आमच्या वाडीत समोरून छत्रीवाला आला तर एकाने भिंतीला चिकटावं लागतं. त्या वाडीतल्या चर्चच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की भाविकांनी आपल्या गाड्या चर्चमागच्या कुरणात लावाव्यात. आणि त्याच्याखाली, जोराचा बर्फ पडल्यास सकाळचा मिस्सा रद्द होईल. हे पहिल्यांदा कामतांच्या मुलाने वाचलं आणि संध्याकाळपर्यंत गिरगावभर झालं. अंकल दूध आणायला निघाले की इस्त्रीवाला गंभीरपणे विचारी, अंकल, आज बरफ है क्या? अंकल आकाशाकडे बघून सांगत, अजून नाही, पण स्वेटर काढून ठेव. त्यांनी त्या ओळी काढून टाकल्या, पण लोकांनी काही सोडलं नाही.

पावसाळा संपताना फादर विल्सनना एक मेल आला. तिकडच्या एका बाईचा. ती वेबसाइट तिने बनवली होती. खिडकी तिने स्वतः काढली होती. तिने शांतपणे लिहिलं होतं की हे माझं काम आहे, मी त्यावर जगते, तुम्ही मला विचारायला हवं होतं. फादरनी तो मेल समितीला दाखवला. लोबो म्हणाले, एवढ्या लांबून ती काय करणार? फादर म्हणाले, निळ्याच्या जागी हिरवा रंग करू, वेल काढून टाकू, म्हणजे तेच राहणार नाही. अंकलना मात्र त्या मेलचा राग आला होता. माझ्या टेबलावर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, “आमेनवर कुणाचा कॉपीराइट आहे, सांग. जगात सगळे म्हणतात. कुणी विचारून म्हणतं का?” मी म्हटलं, आमेन कुणी वर्षभर बसून काढलेलं नाही. ते आत निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांच्याकडून चहा आला नाही. वेबसाइट हिरवी झाली आणि विषय तिथेच राहिला.

मग नाताळच्या आधीचे दिवस आले. गायकवृंदाची तालीम अंकलच्या व्हरांड्यात चाले. त्यात बर्था नावाची एक ठेंगणी, कडक आवाजाची बाई होती. ती एका दुपारी फोन घेऊन धावतच आली. वसईकडच्या तरुण मंडळींनी एक नाताळगीत गाऊन यूट्यूबवर टाकलं होतं आणि ते हजारो लोकांनी ऐकलं होतं. गीत सेसिलिया आंटीचं होतं.

ते गीत वाडीत सगळ्यांना पाठ होतं. जोसेफ आणि मारिया गिरगावात खोली शोधत फिरतात. एक मालक पागडी मागतो, दुसरा म्हणतो पोरबाळ चालणार नाही, तिसरा विचारतो तुम्ही मासे खाता का. शेवटी एक कोळीण म्हणते, माझ्या टोपल्या बाजूला करते, इथे टेका. सेसिलिया आंटीने ते स्वयंपाकघरात रचलं होतं आणि अंकलनी चाल लावली होती. वाडीबाहेर ते एखाददुसऱ्या लग्नातच गेलं असेल.

अंकल हरखून गेले. तो फोन घेऊन ते कामतांकडे गेले, इस्त्रीवाल्याकडे गेले, वाडीच्या तोंडाशी मासे विकणाऱ्या पारूबाईकडे गेले. तिला म्हणाले, बघ, तुझ्यावरचं गाणं जगभर चाललंय. परत येऊन माझ्या मोठ्या स्क्रीनवर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मंडळी छान गात होती, गिटार होतं, मागे दिवे होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि खालची ओळ वाचली. पारंपरिक गीत, कवी अज्ञात.

ते थोडं हसले. म्हणाले, “पारंपरिक? एवढी भांडकुदळ बाई पारंपरिक कशी होईल?”

मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून. “अज्ञात म्हणे. अगं, ती इथे बसायची. मटार सोलायची आणि ओळी म्हणायची, आणि एक शब्द बदलला तर माझ्याशी दिवसभर बोलायची नाही.”

चष्मा खिशात ठेवायला गेले तो खिशात जाईना, तेव्हा माझ्याच टेबलावर ठेवून आत गेले. त्या दिवशी तालीम झाली नाही. बर्था व्हरांड्यात बसून राहिली आणि मग उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडत होते तेव्हा ते पायरीवर उभे होते. दाढी केलेली, पांढरी पँट घातलेली. त्यांनी विचारलं, “मधू, त्या आयर्लंडच्या बाईचं नाव काय गो?”

मला सांगता येईना. तो मेल आम्ही सगळ्यांनी वाचला होता, त्यावर भांडलो होतो, आणि नाव कुणाच्याच लक्षात नव्हतं. आम्ही फादरकडून मेल मागवून घेतला. शेवटी नाव होतं, मॉरीन. अंकलनी ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. मग मला म्हणाले, ती वेबसाइट बंद कर. मी म्हटलं, नाताळ तोंडावर आहे, मिस्साच्या वेळा त्यावर आहेत, निदान नवी होईपर्यंत थांबू. ते म्हणाले, रोज थोडं थोडं चोरायचं का मग? मी बंद केली. आणि त्यांनी माझ्याच खुर्चीत बसून, एका बोटाने, मॉरीनला माफीचा मेल लिहिला. माझी मदत घेतली नाही. दुपार त्यात गेली.

समितीत बराच आवाज झाला. लोबो म्हणाले की रंग बदललाच होता, हा आता शहाणपणा कशाला, आणि बाहेरून येणाऱ्या लोकांना वेळा कळणार कशा? फादर विल्सन अडचणीत आले. त्यांनीच तर हिरवा रंग सुचवला होता. पण रविवारच्या मिस्सानंतर सूचना सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी माइक अंकलच्या हातात दिला. मी नेहमी मिस्साला जात नाही, त्या दिवशी गेले होते, मागच्या बाकावर बसले होते.

अंकल म्हणाले, “ती वेबसाइट मी बनवली असं तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलवली. मी नाही बनवली. मॉरीन नावाच्या बाईने बनवली. मी न विचारता उचलली. चर्चसाठी उचलली, म्हणून जास्त वाईट. तिला वाटणार ना, देवाच्या घरचे लोक असे असतात.”

लोबो जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात मधल्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने विचारलं की म्हणजे आता बर्फ पडला तरी मिस्सा होणार ना? आधी बर्था हसली, मग बाकीचे, शेवटी फादर विल्सनसुद्धा, माइकवर हात ठेवून. अंकल हसले नाहीत. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि ऑर्गनपाशी जाऊन बसले. पण त्या दिवशी शेवटचं गीत त्यांनी नेहमीपेक्षा कितीतरी जलद वाजवलं आणि गायकवृंदाची धावपळ झाली.

वेळांचं त्यांनी असं केलं: कुठल्याशा शाळेतला टाकून दिलेला फळा मागून आणला, खडूने मिस्साच्या वेळा लिहिल्या आणि तो वाडीच्या तोंडाशी पारूबाईच्या टोपलीमागे उभा केला. लोक मासे घेता घेता त्या फळ्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. नाताळच्या मिस्साला बसायला जागा नव्हती. लोबोंनी त्यानंतर तो विषय काढला नाही.

मॉरीनचं उत्तर नवीन वर्षात आलं. तिने लिहिलं होतं की माझं काम बऱ्याच जणांनी उचललं, आणि मी तक्रार केली की ते नुसते रंग बदलतात. कुणी माफी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. खाली तिचं नाव घालणार असाल तर ती खिडकी खुशाल वापरा, असंही तिने म्हटलं होतं. अंकलनी तिचे आभार मानले आणि कळवलं की आता नको, आमच्या चर्चला आमची खिडकी आहे, तीच दाखवू. मग त्यांना वाटलं की नुसते आभार बरे दिसत नाहीत. कुणाचा तरी भाचा तिकडे चालला होता, त्याच्याबरोबर त्यांनी घरच्या झणझणीत बॉटल मसाल्याची बाटली पाठवली. मॉरीनने तो डाव भरून सूपमध्ये घातला. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण सूप संपलं, असं तिने कळवलं. अंकल हे वाडीत सगळ्यांना वाचून दाखवत होते.

वसईच्या मंडळींनाही त्यांनी फोन केला. मी बाजूलाच होते. रागावले नाहीत. ती पोरं बिचारी घाबरली. कुण्या मावशीकडून लग्नात ऐकलं होतं, जुनंच असेल असं त्यांना वाटलं. अंकलनी सेसिलियाचं नाव एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावलं, आणि मग तिसऱ्या कडव्यात तुम्ही एक शब्द चुकता, तो नीट करा, नाहीतर ती मला झोपू देणार नाही, असं सांगितलं. संध्याकाळी व्हिडिओखालची ओळ बदललेली होती. अंकलनी ती माझ्या स्क्रीनवर वाचली आणि चहा टाकायला आत गेले. चहा यायला फार वेळ लागला.

नवी वेबसाइट आम्ही दोघांनी मिळून केली. या वेळी माझे पैसे त्यांनी समितीकडून आधी मंजूर करून घेतले. फोटो त्यांनी स्वतः काढायचे ठरवले आणि मुलीकडून एक जुना कॅमेरा आणला. विचारून घ्यायची त्यांना आता इतकी सवय लागली की काम पुढे सरकेना. पारूबाईचा फोटो हवा म्हणून विचारलं, तर ती म्हणाली आज नाही, उद्या. दुसऱ्या दिवशी ती हिरवं लुगडं, नथ आणि गजरा अशी आली आणि मासे बाजूला ठेवून बसली, त्यामुळे कोळीण आहे हे फोटोत कळेना. इस्त्रीवाल्याने परवानगी दिली, मग गावी फोन करून बायकोला विचारलं, मग पुन्हा दिली.

सगळ्यांत सुंदर फोटो कामतांच्या खिडकीचा आला होता. संध्याकाळचं ऊन, लाकडी गज आणि छपरामागे चर्चचा क्रूस. अंकल तो घेऊन त्यांच्याकडे गेले. कामत म्हणाले, नको हो, आतले आमचे दोरीवरचे कपडेलत्ते दिसतात. मी म्हटलं, कपडे पुसून टाकता येतील. पण अंकलनी कामतांच्या समोर तो फोटो पुसून टाकला. घरी आल्यावर दिवसभर हळहळत होते. पुन्हा तसं ऊन आलंच नाही, म्हणायचे.

या सवयीचा मलाही त्रास झाला. आधी माझा स्टेपलर गुपचूप जायचा. आता ते दारात येऊन विचारत, मी हो म्हणे, मग ते बसत, कशाला हवा आहे ते सांगत, त्यावरून काहीतरी आठवे, आणि अर्धी दुपार जाई. शेवटी मी म्हटलं, अंकल, न विचारता न्या. ते म्हणाले, “नाही गो, विचारलं की गप्पा होतात.”

त्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या गणपती मंडळाने इंटरनेटवरून चित्र उतरवून मोठा बॅनर लावला. त्यावर बाप्पाच्या पोटावरून आडवं, फिकट अक्षरांत मूळ मालकाचं नाव गेलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. अंकल बॅनरखाली थांबले आणि मंडळाच्या पिंट्याला म्हणाले, अरे, देवाच्या पोटावर पावती चिकटलीय, बिल दिलंस का? पिंट्या हसला. म्हणाला, अंकल, देवाचं काम आहे. अंकल म्हणाले, मी पण असंच म्हणायचो, ये, बस, तुला सांगतो. पिंट्याला व्हरांड्यात बसवून त्यांनी सगळी कथा ऐकवली, बर्फासकट. पुढच्या वर्षी मंडळातल्याच एका मुलीने चित्र काढलं. थोडं बेढब होतं, बाप्पाचा एक हात लांब झाला होता. खाली तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि तिची आई रोज संध्याकाळी बॅनरपाशी उभी असे.

वेबसाइटचं काम संपलं तरी कॅमेरा अंकलच्या गळ्यात राहिला. ते वाडीबाहेर फिरू लागले, भायखळ्याचा बाजार, परळच्या गिरण्यांच्या चिमण्या, डॉक. फोटो फारसे चांगले येत नसत. त्यांना चालायचं. एका मे महिन्यात, दुपारी झोपले असताना, ते गेले. त्यांच्या अंत्यविधीला गायकवृंदाने सेसिलिया आंटीचं नाताळगीत म्हटलं, भर उन्हाळ्यात.

माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातले. फ्लेमिंगो आलेत म्हणून ते शिवडीला जाणार होते, आणि शिवडी आमच्या काळाचौकीच्या जवळ म्हणून मला बरोबर यायला सांगितलं होतं. गोदामांच्या रस्त्याने ट्रक चुकवत आम्ही जेट्टीवर गेलो. तिथे मोठमोठ्या लेन्सवाले लोक आधीच ओळीने उभे होते. अंकलनी सगळ्यांशी ओळख करून घेतली, सोबत आणलेले केकचे तुकडे वाटले आणि रांगेच्या टोकाला आपला छोटा कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. चिखलात लांबवर नुसती गुलाबी रेघ दिसत होती. बराच वेळ काही झालं नाही.

मग कशाने तरी पक्षी बिचकले आणि तो सगळा थवा एकदम उठला, आमच्या डोक्यावरून वळला. सगळीकडे कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. मी अंकलकडे पाहिलं. त्यांचा कॅमेरा पोटावर लोंबकळत होता. दोन्ही हात वर गेले होते, मान मागे टाकल्यामुळे टोपी पडली होती, आणि ते तोंड उघडं ठेवून वर बघत होते. मी विचारलं, अंकल, काढला का? त्यांनी वरची नजर न काढता हाताने मला गप्प केलं.